कारवानाची कैफियत

ज्या प्राण्याचा स्वभाव आपल्या सोयीस जुळतो त्याला गुणी म्हणावयाचे आणि ज्याचा जुळत नाही त्याला दुष्ट ठरवावयाचे, ही मनुष्यजातीची फार जुनी न्यायपद्धती आहे. तीत फिर्यादी आपण, साक्षीदार आपण आणि न्यायाधीशही आपणच. आरोपीस बोलता येत नाही, ही तर मोठीच सोय! वकिलीच्या धंद्यात वीस वर्षे घालविल्यावर आम्हांस अशा एकतर्फी निकालांचा तिटकारा आला आहे. म्हणून आज आम्ही या पृष्ठांवर एका मुक्या पक्षकाराचे वकीलपत्र घेत आहोत. त्याने ते आम्हांस दिलेले नाही, आणि फी देण्याचीही त्याची ऐपत नाही. परंतु त्याच्याविरुद्धचा दावा आमच्याच मेजावर आला, आणि तो ऐकल्यावर गप्प बसणे आम्हांस शक्य झाले नाही.

प्रकरण असे. एका गुरुवारी, दत्ताची आरती आटोपल्यावर, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या कचेरीत एक परिचित गृहस्थ आले. शिकलेले, देवभीरू, देवस्थानाच्या कामात पुढे असणारे. घराणे आमच्याचसारखे, कित्येक पिढ्यांपूर्वी गोव्याकडून शिंदेशाहीच्या चाकरीत येऊन येथेच स्थिरावलेले. देशी श्वानांची वर्तमानपत्रांतील वाखाणणी वाचून त्यांनी मोठ्या हौसेने आणि चांगली रक्कम मोजून मुधोळ जातीचे एक पिल्लू आणविले होते. ते आता वर्षाचे झाले होते, आणि गृहस्थांना विक्रेत्यास ग्राहक संरक्षण कायद्यान्वये नोटीस द्यावयाची होती. कारण काय? तर माल सदोष निघाला!

दोषांची यादी त्यांनी कागदावर लिहूनच आणली होती. एक, कुत्रा प्रेमळ नाही. शेपूट हालवून कोणाचे स्वागत करीत नाही, आणि पाहुण्याने डोक्यावरून हात फिरविला तर गुरगुरतो. दोन, हुकूम पाळीत नाही. हाक मारली तर मान वळवून पाहतो आणि पुन्हा आपल्याच तंद्रीत राहतो. तीन, घरात ठरत नाही. गाद्या फाडतो, कुंड्यांतली माती उकरतो. चार, दार उघडे राहिले की पळतो; एकदा मांजरीच्या मागे लागून तो थेट महाराज बाड्यापर्यंत गेला होता. शेवटी गृहस्थ म्हणाले, "वकीलसाहेब, आपल्याकडे म्हण आहे ना, धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय? ती ह्याच्यावरूनच निघाली असावी."

नोटीस लिहिण्यापूर्वी 'माल' पाहणे हे आमचे कर्तव्य होते. आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरील सज्जात, दोन हात लांबीच्या साखळीला, तो बांधलेला होता. लांब निमुळते डोके, खाली पडलेले कान, बदामी आकाराचे शांत डोळे, खोल छाती, आत ओढलेले पोट, कातीव पाय आणि कोयत्यासारखे वळलेले शेपूट. अंगावर एक तोळा चरबी नाही. धनुष्याला प्रत्यंचा चढवून ते कोणी खुंटीला टांगून ठेवावे, तसा तो दिसत होता. आम्हीही सवयीप्रमाणे डोक्यावर हात ठेवावयास गेलो. त्याने अंग चोरले आणि भिंतीकडे तोंड केले. सज्जाच्या दाराशी गृहस्थांच्या वृद्ध मातोश्री जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्या त्याला हाक मारीत नव्हत्या, हात लावीत नव्हत्या, त्याच्याकडे पाहतही नव्हत्या. आणि साखळी जेवढी पोचेल तेवढा तो त्यांच्याजवळ येऊन बसला होता. आम्हांस पाहून म्हातारी एवढेच म्हणाली, "ताका बांदून दवरूं नाका रे, पुता." त्या एका कोंकणी वाक्यात या प्रकरणाचा संपूर्ण निवाडा होता. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या निवाड्यास अपील नेहमीच होत असते.

आता आरोपी कोण, हे प्रथम सांगितले पाहिजे. दख्खनच्या पठारावर, सांगली-सोलापूर-लातूरच्या माळरानापासून कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळपर्यंत, धनगर, शेतकरी आणि शिकारी लोक पिढ्यान्‌पिढ्या हा कुत्रा बाळगीत आले आहेत. आमच्या खेड्यांत त्याला 'कारवान' किंवा 'कारवानी' म्हणतात. अंगाला मऊ केस आणि कान, पाय व शेपटीवर झालर असली तर त्याच कुळातला तो 'पश्मी'. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी त्याची नोंद 'कारवान हाउंड' अशी आहे; इंडियन नॅशनल केनेल क्लब त्याला 'मुधोळ हाउंड' म्हणतो. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठी संस्थान. ज्या बाजी घोरपड्यांचे नाव १६४८ साली शहाजीराजांच्या कैदेशी कायमचे जोडले गेले, त्यांचेच हे घराणे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीस राजाश्रय दिला, आणि बादशहा पंचम जॉर्ज यास तिची एक जोडी नजर केली, असे मुधोळकर अभिमानाने सांगतात. संस्थान १९४८ साली विलीन झाले. नाव मात्र कुत्र्यामागे राहिले.

खांद्यापर्यंत साधारण पासष्ट ते बहात्तर सेंटीमीटर उंचीचा आणि वीस ते अठ्ठावीस किलो वजनाचा हा प्राणी वासावर नव्हे, तर नजरेवर शिकार करणाऱ्यांपैकी आहे. अरबस्तानातला सलुकी, विलायतेतला ग्रेहाउंड हे त्याचे दूरचे सोयरे. हालणारी वस्तू त्याला फार लांबून दिसते. आणि दिसली की विचार व धाव यांत अंतर उरत नाही. एवढी ओळख ध्यानात ठेवून आता आरोपांची उत्तरे ऐकावीत.

पहिला आरोप प्रेमशून्यतेचा. उत्तर: प्रेम आहे, प्रदर्शन नाही. हा कुत्रा एका माणसाचा, फार तर एका कुटुंबाचा. परक्याचा स्पर्श त्याला खपत नाही, आणि तो खपवून घेण्याची सवय त्याच्या पूर्वजांना कधी लावावीच लागली नाही. माळावरच्या वस्तीवर दिवसाला वीस पाहुणे येऊन त्याच्या डोक्यावर हात फिरवीत नव्हते. त्याची माया शेजारी येऊन बसण्यात असते, पायाला अंग टेकून उभे राहण्यात असते, धनी दिसेनासा होईपर्यंत डोळ्यांनी त्याचा पाठलाग करण्यात असते. मर्यादाशील माणसाला आपण कुलीन म्हणतो. तोच गुण कुत्र्यात दिसला की त्याला माणूसघाणा म्हणावयाचे, हा कोठला न्याय?

दुसरा आरोप आज्ञाभंगाचा. येथे तर फिर्यादीने कुत्र्याचा धंदाच लक्षात घेतलेला नाही. काही जातींचे श्वान माणसाच्या शब्दावर काम करीत आले. मेंढरे वळविणे, पाडलेला पक्षी आणून देणे ही त्यांची कामे. कारवानाचे काम वेगळे. ससा झुडपातून उठला की पुढच्या अर्ध्या मिनिटात धनी कोठल्या कोठे मागे पडतो. कोठे वळावयाचे, कोठे आडवे जावयाचे, केव्हा वेग राखावयाचा, हे सर्व निर्णय ज्याचे त्याने, धावता धावता घ्यावयाचे. दर वळणावर मागे वळून धन्याची अनुज्ञा मागणारा कुत्रा त्या धंद्यात उपाशीच राहिला असता. शेकडो पिढ्या आपण त्याला स्वतःच्या अकलेने वागावयास शिकविले आणि आज सज्जात बांधून विचारतो की हा स्वतःच्या अकलेने का वागतो! शिवाय तो अतिशय भावनाशील असतो. समजावून, एकाच माणसाने, सबुरीने शिकविले तर शिकतो. आरडाओरडा केला, हात उगारला, तर ते विसरत नाही.

तिसरा आरोप अस्वस्थतेचा. सकाळ-संध्याकाळ मनमुराद धावून आलेला कारवान घरातल्या सर्वांत शांत प्राण्यांपैकी एक असतो; दिवसाचा मोठा भाग तो झोपण्यात घालवितो आणि विनाकारण भुंकतही नाही. गादी फाडतो तो कुत्रा नव्हे, ती न झालेली धाव होय. त्याचे केस आखूड, कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. उघड्या सज्जात ग्वाल्हेरच्या पौषातली थंडी त्याला सोसत नाही आणि ज्येष्ठातली तापलेली फरशीही सोसत नाही. ज्या घरात त्याच्या पायांना जमीन नाही आणि पाठीला पांघरूण नाही, त्या घराने त्याच्याकडून शांतीची अपेक्षा करू नये.

चौथा आरोप पलायनाचा. शब्द चुकला आहे. पळतो तो भित्रा. हा पाठलाग करतो. समोरून मांजर गेली की त्याचे डोळे त्याला नेतात. तेव्हा रस्त्यावर त्याला दोरीशिवाय नेऊ नये आणि कुंपण नसलेल्या जागी सोडू नये, ही त्याच्या पालनातली पहिली अट आहे. आगपेटीतील काडी पेटली म्हणून कोणी काडीवर फिर्याद करीत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही प्रतिपक्षास मोकळेपणी मान्य करतो. हा कुत्रा सर्वांसाठी नाही. ज्या घरी मांजरे, ससे, कोंबड्या मोकळ्या फिरतात तेथे तो धोक्याचा. जेथे लहान मुले कुत्र्याचे कान ओढतात आणि वडीलधारे कौतुकाने पाहतात, तेथे तर त्याला मुळीच नेऊ नये. पिलूपणी माणसांची, आवाजांची, रस्त्याची ओळख करून दिली नाही तर तो मोठेपणी बुजरा होतो, आणि बुजरा कुत्रा केव्हा दात लावील याचा भरवसा नसतो. हे आम्ही लपवीत नाही. परंतु ही सारी कारणे त्याला विकत न घेण्याची आहेत. विकत घेऊन मग दोषी ठरविण्याची नव्हेत.

येथे दुसऱ्या एका पक्षाचा समाचार घेतला पाहिजे. या पक्षाचे म्हणणे असे की देशी कुत्रा मुळातच अर्धरानटी. त्याला शिकविणे व्यर्थ. काम हवे असेल तर जर्मन शेफर्ड आणावा, लॅब्रडॉर आणावा. हे मत आम्ही शिकल्या-सवरल्या लोकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की ते खोडण्यासाठी ग्वाल्हेरबाहेर फार लांब जावे लागत नाही, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. येथून झाशीच्या वाटेवर, डबऱ्याच्या अलीकडे, टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे, आणि तिच्यात १९७० पासून चालत आलेले राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. देशभरच्या पोलीस व सुरक्षा दलांचे श्वान आणि त्यांचे सांभाळकर्ते तेथे तयार होतात. जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधानांनी या केंद्रास भेट दिली, आणि देशी जातींस उत्तेजन देण्याची सूचना केली. त्यानंतर मुधोळ व रामपूर या दोन जातींचे श्वान तेथे दाखल झाले. २०२४ साली लखनौस झालेल्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात याच दलाच्या 'रिया' नावाच्या मुधोळ कुत्रीने परदेशी जातींचे ११६ श्वान मागे टाकून माग काढण्याच्या प्रकारात पहिला क्रमांक मिळविला, आणि संपूर्ण मेळाव्यातील सर्वोत्कृष्ट श्वानाचा मानही तिलाच मिळाला. पुढे ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी गुजरातेत एकतानगर येथे देशी श्वानांच्या पथकाने राष्ट्रीय एकता दिनाच्या संचलनात भाग घेतला.

वाचकांनी एक बारकावा पाहावा. माग काढणे हे नाकाचे काम. आणि मुधोळ म्हणजे नजरेचा शिकारी. म्हणजे जे काम त्याचे वंशपरंपरेचे नव्हे, तेही तो शिकला. शिकला कसा? आज्ञाभंगी, प्रेमशून्य, अस्थिर म्हणून जो बदनाम, तो टेकनपुरात एकाएकी सज्जन झाला काय? तसे नव्हे. सैनिकी शिस्तीत एका श्वानास एक सांभाळकर्ता असतो. तोच त्याला शिकवितो आणि कामावरही तोच बरोबर असतो. व्यायाम हा तेथे रोजच्या दिनक्रमाचा भाग असतो, कोणाच्या सवडीचा प्रश्न नसतो. आणि येणारा-जाणारा त्याच्या डोक्यावर हात फिरवीत नाही. एक माणूस, मोकळी धाव आणि परक्यांपासून अंतर: या जातीचा स्वभाव मागतो ते नेमके हेच तीन. टेकनपूरने त्याचा स्वभाव बदलला नाही. स्वभावाला हवे ते दिले. आमच्या गृहस्थांच्या घरापासून हे ठिकाण पाऊण तासाच्या वाटेवर आहे. कुत्रा तोच, फरक ठेवणारात आहे.

परंतु या यशाने एक नवेच संकट उभे केले आहे, आणि आमचा खरा वाद त्याच्याशीच आहे. ते संकट म्हणजे अभिमान. २००५ साली टपाल खात्याने चार देशी श्वानांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होता. २०१६ साली सेनेने मुधोळची पिल्ले मेरठला नेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणात या जातीचे नाव आले. मग संचलन झाले. प्रत्येक वेळी आमची छाती फुगली, आणि फुगलेल्या छातीचे लोक पिल्लू विकत घ्यावयास निघाले. 'आम्ही परदेशी कुत्रा पाळीत नाही, आमचा मुधोळ आहे', हे वाक्य बैठकीत फार शोभते. पण बैठकीत वाक्य शोभते आणि सज्जात साखळी वाजते, त्याचे काय? ध्वजाला मान द्यावयाचा तर तो फडकत ठेवावा लागतो. घडी करून कपाटात कोंबला तर तो मान नव्हे. धावण्यासाठीच घडलेल्या प्राण्यास दोन हात साखळीने बांधून त्याला राष्ट्राचे भूषण म्हणणे, ही राष्ट्राचीही थट्टा आणि प्राण्याचीही.

आणि ही नुसती थट्टा नाही, तो गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे अकरावे कलम आम्ही त्या गृहस्थांस वाचून दाखविले. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्यास अवाजवी काळ बांधून ठेवणे, ही त्या कलमातली एक क्रूरता. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास मालकाने पुरेसा व्यायाम न देणे, ही दुसरी. हे पोटकलम तर खास कुत्र्याचे नाव घेऊन लिहिले आहे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्यास सोडून देणे, ही तिसरी. गृहस्थ क्षणभर स्तब्ध झाले, कारण नोटीस साधली नाही तर कुत्रा शिवपुरीच्या रस्त्याला सोडून यावा, असा त्यांचा विचार होता. मग त्यांनी दंड विचारला. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्यास दहा ते पन्नास रुपये लिहिले आहेत, हे सांगताना आमचीच मान खाली गेली. एका मुक्या जीवाचे आयुष्य साखळीला संपविण्याची ही किंमत! म्हणूनच आम्ही म्हणतो की हा प्रश्न कायद्यावर सोपवून चालणार नाही.

तिसरा पक्ष शिकारीच्या शौकिनांचा. ते म्हणतात, मग त्याला त्याचा मूळ धंदा करू द्या. माळावर सोडा, धरू द्या ससे. त्यांस उत्तर थोडक्यात देतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी केली आहे, आणि 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत कुत्री मागे सोडून वन्य प्राण्याचा पाठलाग करणेही येते. तसा नुसता प्रयत्न केला तरी गुन्हा घडतो. काळविटांचे कळप माळावरून कोठे गेले, हे आजोबांस विचारावे. तेव्हा तो मार्ग बंद आहे, आणि बंद असणेच योग्य. परंतु या शौकिनांचे मूळ गृहीतच चुकीचे आहे. कारवानाची भूक धावेची आहे, रक्ताची नव्हे. दोरीला बांधलेली एक चिंधी वेगाने ओढत नेली तरी तो तिच्यामागे जीव टाकून धावतो, आणि धावून आल्यावर तृप्त होऊन झोपतो. जी तृप्ती चिंधीने होते तिच्यासाठी सशाचा जीव मागणारा माणूस कुत्र्याच्या नावावर स्वतःचा शौक भागवू पाहतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

शुद्ध देशीपणाचे जे कट्टर अभिमानी आहेत त्यांनाही एक प्रश्न विचारून ठेवतो. 'कारवान' हा शब्द कोठला? फारसी. व्यापाऱ्यांच्या आणि फौजांच्या तांड्यांबरोबर वायव्येकडून या कुत्र्याचे पूर्वज दख्खनमध्ये आले, असेच सामान्यतः मानतात, आणि त्याच्या नावाचा तरी अर्थ तोच आहे. मग तो परका काय? ज्याने या माळावरची ज्वारीची भाकरी खाल्ली, या उन्हात कातडी तापविली, शेकडो वर्षे येथल्या माणसांच्या उशाशी झोप घेतली, तो येथलाच. आमच्या वाचकांस तरी हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. सरस्वतीच्या तीरावरून आलो असे आपले कुळ आपण सांगतो. सोळाव्या शतकात कुशस्थळीहून मंगेश आणि केळशीहून शांतादुर्गा पालखीत घालून आपल्या पूर्वजांनी नदी ओलांडली, आणि फोंड्याच्या डोंगरात त्यांची पुन्हा स्थापना केली. जिवबादादा केरकर, लखबादादा लाड यांच्यासारखे शेणवी मुत्सद्दी शिंद्यांच्या फौजेबरोबर या उत्तरेत आले, आणि दौलतरावांच्या छावणीचे लष्कर झाले तसे त्यांचे आप्तही येथले झाले. प्रवासाने कोणी परका होत नाही. घर नाकारले म्हणजे होतो.

राहता राहिला आमचा आपला, देवळातल्या माणसांचा पक्ष. दत्ताच्या मूर्तीसमोर आपण डोके टेकतो तेव्हा पायाशी चार श्वान असतात, आणि ते चार वेद आहेत असे आपण मुलांना सांगतो. खंडोबाबरोबर कुत्रा आहे, भैरवाचे वाहन कुत्रा आहे. आणि देवळातून बाहेर पडताच पहिला शब्द तोंडातून निघतो तो 'हाड'! महाभारताचा आरंभच पाहा. जनमेजयाच्या भावांनी यज्ञाच्या जागी आलेल्या एका कुत्र्यास विनाकारण मारले. त्याची आई सरमा तडक यज्ञमंडपात गेली, आणि माझ्या मुलाने हविर्द्रव्यास तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही, मग त्याला का मारले, असा जाब तिने विचारला. त्या विद्वत्सभेत कोणालाही उत्तर देता आले नाही. निरपराध्यास मारलेत, तेव्हा तुमच्यावर अकल्पित भय कोसळेल, असे सांगून ती निघून गेली. रामायणाच्या उत्तरकांडातही, प्रक्षिप्त मानल्या गेलेल्या सर्गांत का होईना, एक कुत्रा रामाच्या न्यायसभेत फिर्याद घेऊन येतो. आपणांस मारणाऱ्या ब्राह्मणास शिक्षा म्हणून मठाचा कुलपती नेमावे, अशी तो मागणी करतो, कारण पूर्वजन्मी तो स्वतःच कुलपती होता आणि त्यापायी या गतीस पोचला होता! देवस्थानांच्या कारभारात असलेल्या वाचकांनी ती कथा मुळातूनच वाचावी. आम्ही अधिक बोलत नाही. सांगावयाचे एवढेच की आमच्या ग्रंथांनी कुत्र्यास फिर्याद करण्याचा अधिकार दिला होता. आम्ही तो काढून घेतला आणि त्याच्यावरच फिर्याद करू लागलो.

आता प्रकरणाचा शेवट. आम्ही नोटीस लिहिली नाही. गृहस्थ रागावले, पण माणूस मुळात वाईट नव्हता. महिन्या-दीड महिन्याने ते पुन्हा आले आणि आम्हांस बरोबर घेऊन डबऱ्याकडे निघाले. तेथे त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची तारेचे कुंपण घातलेली मोठी वाडी आहे. कुत्र्याची साखळी काढली. तो जागचा हालला नाही. साखळीच्या मापाएवढे दोन हात पुढे गेला आणि थांबला. पुन्हा परत आला. पुन्हा तेवढाच गेला. वर्षभर जेवढे जग त्याला मिळाले होते, तेवढेच तो चालून पाहत होता. मग शेतकऱ्याचा मुलगा हातातली पिशवी फडकावीत बांधावरून पळाला. त्यानंतर आम्ही जे पाहिले ते फार वेळ टिकले नाही. चारही पाय एकदम जमिनीवरून सुटत होते, पाठ धनुष्यासारखी मिटत आणि उघडत होती. वाडीला तीन फेऱ्या घालून तो आपण होऊन परत आला, आणि गृहस्थांच्या गुडघ्यास अंग टेकून धापा टाकीत उभा राहिला. वर्षभरात ते प्रथमच घडले. गृहस्थांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. "आमच्याकडे हा असा कधी धावला नाही," एवढेच ते म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर कोणी बोलले नाही.

घरी म्हातारी सज्जाच्या दाराशी बसली होती. तिची संगत गेली होती. तिने कुत्रा कोठे ठेवला, पुन्हा केव्हा आणणार, काही विचारले नाही. "धांवलें मरे तें?" एवढेच विचारले. धावले, असे ऐकल्यावर तिने जपमाळ पुढे सुरू केली.

वाचकहो, आमच्या पक्षकाराची मागणी मोठी नाही. त्याला बक्षीस नको, तिकिटावरचे चित्र नको. ज्याच्याजवळ मोकळी, कुंपणाची जागा आहे, रोजचा तास-दीड तास आहे आणि एका प्राण्याचा विश्वास हळूहळू मिळविण्याइतकी सबुरी आहे, त्याने अवश्य कारवान पाळावा. त्याच्याइतका निष्ठावंत आणि खानदानी सोबती विरळा. ज्याच्याजवळ हे नाही, त्याने त्याचा अभिमान दुरून बाळगावा. दुरून बाळगलेला अभिमानही अभिमानच असतो, आणि त्याने कोणाच्या गळ्याला फास लागत नाही.

सबब, वरील कैफियतीचा विचार होऊन स्वभावदोषाचा दावा खर्चासह रद्द व्हावा, आणि साखळी काढण्याचा हुकूम त्वरित व्हावा, ही विनंती.